चार अँपिअरचा जमाखर्च

दाजींच्या मोटारसायकलीने चार वर्षांत तीन बॅटऱ्या खाल्ल्या. गाडीबरोबर आलेली पहिली सव्वादोन वर्षं चालली, दुसरी चौदा महिने, तिसरी आठ महिन्यांतच बसली. दर वेळी आयुष्य आधीच्यापेक्षा कमी, ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकायला हवी होती. खटकली नाही. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो, घरात तीन मल्टिमीटर पडलेले असतात, आणि तरीही माझं पहिलं निदान चुकलं. म्हणून हे प्रकरण मुळापासून लिहून काढतोय.

दाजी सोलापुरात अशोक चौकाच्या अंगाला राहतात आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. घर ते कारखाना जेमतेम तीन किलोमीटर. गाडी दीडशे सीसीची, बीएस-६ (धुराच्या नव्या निकषांची), दसरा २०२० ला घेतलेली. तिला किक नाही. बॅटरी १२ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘चार अँपिअरची’. पुस्तकी अर्थ असा, की पूर्ण भरलेली असताना तिच्यातून ०.४ अँपिअर प्रवाह साधारण दहा तास घेता येतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशीच गाठ आहे.

दाजींच्या वडिलांची चेतक स्कूटर होती. तिचा दिवा थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर चालायचा, ॲक्सिलरेटर पिळला की उजेड वाढायचा, सिग्नलला थांबलं की दिवा मिणमिणायचा. आजारी पडायला तिच्यात बॅटरीच नव्हती. आताच्या गाडीला पेट्रोल इंजेक्शन आहे, टाकीत पंप आहे, ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक आहे. एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू ठेवण्याचा नियम आला, एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बॅटरीवरचा भार वाढला. बॅटरीचं आकारमान मात्र वाढलं नाही, बऱ्याच गाड्यांत ते उलट कमीच झालं. पूर्वी बॅटरी बसली तर हॉर्न वाजत नसे, एवढंच. गाडी ढकलून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून निघता यायचं. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पार मेलेली असेल तर पंपच फिरत नाही, मग उतारावर कितीही ढकला. दाजींनी हा प्रयोग मे २०२४ मध्ये कारखान्यातल्या दोन हमालांना मागे लावून करून पाहिला होता.

भाऊबीजेला, ३ नोव्हेंबर २०२४ ला, मी ताईकडे गेलो. ओवाळणी झाली, करंजी तोंडात होती, तेवढ्यात दाजींनी विषय काढला. तिसरी बॅटरीसुद्धा गेली होती. दुकानदाराने ती दोन दिवस ठेवून घेतली, चार्ज केली, हातातल्या टेस्टरवर ‘ओके’ दाखवून परत दिली. वॉरंटीत बदलून द्यायला तो तयार नव्हता.

“बॅटरी चांगली आहे म्हणतो. मग गाडी का चालू होत नाही? मी काय सेल्फ मारायला विसरतो?”

“कार्डावर काय लिहिलंय?”

“चोवीस महिने बदलून, पुढचे चोवीस सवलतीत. आता बाविसावा महिना चालू आहे.”

बाविसावा महिना दुसऱ्या बॅटरीपासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासूनचा. तिसरी त्याच कार्डावर बदलून मिळाली होती. बदली बॅटरीला नवी मुदत मिळत नाही, मूळ खरेदीची तारीखच धरली जाते. पुष्कळ लोक इथेच फसतात आणि दुकानदाराशी भांडतात. दाजी हिशेबाचे, त्यांनी कार्ड वाचलेलं होतं. त्यांचं भांडण ‘ओके’ या शब्दाशी होतं.

मी सीट काढली. बॅटरीच्या ऋण टोकावर पांढरी-हिरवट पूड साचली होती आणि बोल्ट बोटांनी फिरत होता. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावला : १२.१८ व्होल्ट.

हे आकडे एकदा सांगून ठेवतो, कारण घरोघरी उपयोगी पडतील. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात, प्रत्येक खण भरलेला असताना २.१ व्होल्टच्या जरा वर असतो. म्हणून रात्रभर विसावलेली भरलेली बॅटरी १२.७ ते १२.८ दाखवते, बंद प्रकारची नवी बॅटरी कधी त्याहूनही थोडं जास्त. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. लोक ‘बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते, मग बरोबरच आहे’ म्हणतात, तिथेच घोळ होतो. गाडी नुकतीच बंद केली असेल तर मीटर खोटा भरवसा देतो, त्यामुळे सकाळचं, चावी लावण्याआधीचं माप घ्यायचं.

मग सेल्फ मारायला सांगितला. टाकीतला पंप ‘झ्यूं’ करून दोन सेकंद वाजला, रिलेने कट्ट केलं, मीटर ८.६ वर कोसळला, आणि डॅशबोर्ड विझून पुन्हा पेटला. सेल्फ मारताना धडधाकट बॅटरी साडेनऊ-दहाच्या खाली जात नाही. थोडी ढकलत नेल्यावर गाडी चालू झाली. इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर नेलं, तेव्हा रेक्टिफायरच्या (इंजिनाची वीज बॅटरीजोगी करून देणाऱ्या डबीच्या) बाहेर पडणाऱ्या तारेवर १४.२ आणि बॅटरीच्या टोकांवर १३.७. म्हणजे अर्धा व्होल्ट वाटेतच हरवत होता, आणि तो त्या ढिल्या, पूड चढलेल्या अर्थच्या, म्हणजे ऋण टोकावर हरवत होता.

मला आनंद झाला. असा पुरावा हाती आला की मास्तर माणूस खुलतो. ऋण वायर आधी, धन वायर नंतर काढली. (हाच क्रम ठेवायचा. धन आधी सोडायला गेलात आणि पाना चासीला टेकला की ठिणगी पडते.) गरम पाण्यात खायचा सोडा टाकून टोकं धुतली, जुन्या टूथब्रशने घासली, कोरडी केली, बोल्ट आवळला, वर व्हॅसलीनचा पातळ हात दिला. आता टोकांवर १४.१. बॅटरी दुकानातून पुन्हा पूर्ण चार्ज करून आणली. दाजींना सांगितलं, “अर्थिंग ढिलं होतं. चार्जच पोचत नव्हता. आता बघायला नको.” आणि फराळाचा डबा घेऊन पंढरपूरला निघालो.

अकराव्या दिवशी फोन आला. “मास्तर, बघायला पाहिजे.”

ढिलं अर्थिंग खरंच होतं. त्याने नुकसानही केलं असणार, अर्धा व्होल्ट लहान गोष्ट नव्हे. पण तो पुरावा हाती लागला आणि मी पुढे शोधायचं थांबलो. गाडी चालू असताना बॅटरीत काय जातं ते मी मोजलं होतं. गाडी बंद असताना बॅटरीतून काय निघतं ते मोजलंच नव्हतं.

कार्तिकीची गर्दी ओसरली आणि १७ नोव्हेंबरला, रविवारी, मी पुन्हा सोलापूर गाठलं. या वेळी सरळ गळती मोजायला बसलो. रीत सोपी आहे : चावी काढायची, बॅटरीची ऋण वायर सोडायची, आणि ती सुटलेली वायर व बॅटरीचं ऋण टोक यांच्या मध्ये मीटर घालायचा. उभ्या गाडीत जो प्रवाह वाहतो तो सगळा आता मीटरमधून जातो. आधी दहा अँपिअरच्या भोकात प्रोब, प्रवाह अगदी कमी आहे अशी खात्री पटली की मग दोनशे मिलीअँपिअरची रेंज (हजार मिलीअँपिअर म्हणजे एक अँपिअर). आणि चावी खिशात ठेवायची. हे शेवटचं मी दरवर्षी वर्गात तीनदा तरी सांगतो.

चावी मी सीटवर ठेवली होती. भाचा आठवीत आहे, त्याला मदत करायची होती. मी दोनशे मिलीअँपिअरच्या रेंजवर आलो आणि त्याने “मामा, लाइट लावून बघू?” म्हणत चावी घालून फिरवली. हेडलाइट आणि पंप दोन्ही एकदम मीटरमधून जायला निघाले. मीटरचा काचेचा फ्यूज गेला, आकडा शून्यावर. ताई दारात उभी होती.

“तू मास्तर आहेस ना रे?”

रविवारी फ्यूज मिळवायला नवी पेठ आणि आजूबाजूची दोन दुकानं पालथी घातली. परत आलो तोवर दुपारचा दीड झाला होता. या वेळी चावी भाच्याच्या नव्हे, माझ्या खिशात.

मीटरने पहिला आकडा दाखवला ४६ मिलीअँपिअर. चारेक मिनिटांनी तो घसरला आणि ९ वर स्थिरावला. मी हुश्श करणार, तेवढ्यात एकदम ७० च्या घरात उडी, चार-पाच सेकंद तिथे, पुन्हा ९. मिनिटाभराने पुन्हा उडी. मी अर्धा तास नुसता बघत बसलो आणि भाच्याला वहीत वेळ आणि आकडा लिहायला लावला. सरासरी काढली तेव्हा साडेतेरा मिलीअँपिअरच्या आसपास आली. घाई करून एकच आकडा पाहिला असता तर ४६ ची भीती तरी खाल्ली असती, नाहीतर ९ चं समाधान मानलं असतं. गळती मोजताना गाडीला झोपू द्यावं लागतं.

गाडीची स्वतःची भूक किती? फ्यूज एकेक काढून पाहिले, फरक पडेना. मग टाकीखालून गेलेली एक बारीक लाल-काळी जोडवायर दिसली, बॅटरीच्या टोकाला थेट जोडलेली, तिच्यावर इन्सुलेशन टेपचा गोळा. ती सोडली आणि मीटर ०.६ मिलीअँपिअरवर आला. गाडीची घड्याळ-ईसीयूची भूक एवढीच. उरलेलं सगळं त्या वायरच्या टोकाला असलेल्या काडेपेटीएवढ्या डबीचं होतं.

“ते काय आहे?”

“ते होय? जीपीएस. गल्लीतली एक गाडी चोरीला गेली होती ना, तेव्हा बसवलं. एकवीसच्या दिवाळीनंतर.”

तीन वर्षं ती डबी दिवसरात्र उपग्रह शोधत होती, मोबाइलच्या टॉवरला निरोप देत होती, आणि त्याचा खर्च बॅटरी भरत होती. दाजींनी ती कुणापासून लपवली नव्हती. मी विचारलं नव्हतं, एवढंच. आधीच्या मिस्त्रीनेही विचारलं नव्हतं. दुकानदाराच्या टेस्टरला तर गाडी दिसतच नाही, त्याच्यापुढे सुटी बॅटरी येते.

तरी एक प्रश्न होताच. ट्रॅकर २०२१ च्या शेवटी बसला, मग पहिली बॅटरी जानेवारी २०२३ पर्यंत कशी टिकली? दाजींना तोंडी समजावण्यापेक्षा मी त्यांची रोजमेळाची वही मागितली. त्यांनी स्वतःच पान आखलं, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आकडे मी सांगत गेलो, एकक मिलीअँपिअर-अवर.

नावे बाजू आधी. ट्रॅकर (गाडीचे ०.६ वजा जाता) जवळपास १३ गुणिले दिवसाचे तास, गाडी चालू असण्याची मिनिटं वजा केली तर ३०५. गाडीची घड्याळ वगैरे १५. सेल्फचं मला वाटलं होतं ते फार मोठं निघेल. सेल्फ घेतो सरासरी ५० अँपिअर, पण दीडच सेकंद. पन्नास गुणिले दीड, भागिले ३६००, म्हणजे ०.०२१ अँपिअर-अवर, आपल्या एककात एका वेळी २१. दिवसाला तीनदा धरलं तरी ६० च्या आसपास. दाजी पेन थांबवून म्हणाले, “म्हणजे सेल्फ बदनाम आहे उगाच?” बऱ्याच अंशी आहे. एकूण नावे ३८०.

जमा बाजू. जाऊन-येऊन रोज अठरा मिनिटं गाडी चालते. सिग्नलला इंजिन हजार-बाराशेवर असतं, हेडलाइट चालू, ब्रेकलाइट चालू, तेव्हा बॅटरीकडे जवळपास काहीच जात नाही. रस्ता मोकळा असला की एक-सव्वा अँपिअर जातो. सरासरी ०.९ धरला तर अठरा मिनिटांचे २७०. त्यातलं सगळं बॅटरीच्या अंगी लागत नाही, पंधरा टक्के तरी उष्णतेत आणि वायूत जातं. जमा २३०.

रोजची तूट दीडशे.

“मग ही बॅटरी महिन्याभरात बुडाली पाहिजे,” दाजी म्हणाले. “आठ महिने कशी चालली?”

हा खरा हिशेबनिसाचा प्रश्न. उत्तर दोन भागांत आहे. एक, बॅटरी रिकामी होत गेली की तीच जरा जास्त प्रवाह ओढून घेते, शिवाय रविवारी भाजी-किराण्याच्या फेऱ्या होतातच. त्यामुळे ती पार तळाला न जाता अर्ध्याच्या आसपास रेंगाळते. दुसरा भाग ताईच्या तोंडून आला. चहा देताना ती म्हणाली, “पूर्वी दर गुरुवारी अक्कलकोटला गाडीवर जायचे, तेव्हा नाही काही झालं.”

सोलापूर ते अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन दोन तासांच्या वर सलग इंजिन चालतं, तेही चांगल्या आरपीएमवर. सहा दिवसांची तूट ९००, आणि गुरुवारी ती सगळी भरून निघायची. आठवड्याचं खातं त्या एका दिवशी चुकतं व्हायचं. जून २०२३ मध्ये त्या रस्त्यावर रात्री एका ट्रकने दाजींना कट मारला, ताईने शपथ घातली, आणि दाजी एसटीने जाऊ लागले. दुसरी बॅटरी तेव्हा पाच महिन्यांची होती. तिसरीच्या नशिबी अक्कलकोटची एकही फेरी आली नाही. प्रत्येक बॅटरीचं आयुष्य का घटत गेलं ते एका पानावर दिसत होतं.

“म्हणजे बॅटरी स्वामींनी सांभाळली होती,” ताई म्हणाली. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

अर्ध्यावर रेंगाळण्यात वाईट काय, हे भाच्याला सांगावं लागलं, तेच इथे. बॅटरीत शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात असतात. वीज देताना धन आणि ऋण दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर चढतो, चार्ज करताना तो परत विरघळतो. ताजा थर पिठीसाखरेसारखा असतो, लगेच विरघळतो. तसाच आठवडे-महिने राहू दिला की त्याची खडीसाखर होते. मग चार्जर लावला तरी तो विरघळत नाही, आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. त्यात सोलापूरचा मे. कारखान्यात दाजींची गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी असते, बाहेर ४३ असताना त्या पत्र्याखाली किती असेल ते सोलापूरकरांना सांगायला नको. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीतल्या रासायनिक क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो, आणि त्यात तिचं आपोआप रितं होणं आणि गंजणंही आलं.

मे २०२४ चा प्रसंगही आता उलगडला. सगळे नऊ दिवस गावी गेले होते. साठ टक्के भरलेल्या बॅटरीत २४०० मिलीअँपिअर-अवर, गळती साडेतेरा मिलीअँपिअर, म्हणजे आठव्या दिवशी तळ. दोन महिन्यांची नवी बॅटरी त्या उन्हात पूर्ण रिकामी पडून राहिली. तिचं खरं मरण तेव्हाच ओढवलं, नोव्हेंबरात फक्त ते कळलं.

आता दुकानदाराच्या ‘ओके’चा निकाल. तिसरी बॅटरी मी पंढरपूरला नेली, प्रयोगशाळेत ०.४ अँपिअरने रात्रभर चार्ज केली, सकाळी विसावल्यावर १२.७ व्होल्ट दाखवत होती. कुणीही ओके म्हणावं अशीच. मग तिला गाडीच्या पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब लावला. हा बल्ब ०.४ अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे चार अँपिअरच्या बॅटरीला दहा तासांच्या हिशेबाने अगदी जुळतो. व्होल्टेज १०.५ वर आलं की थांबायचं. सकाळी नऊला लावला, पोरांना दर पंधरा मिनिटांनी नोंद करायला बसवलं. बारा वाजून दहा मिनिटांनी १०.५. दहा तासांच्या जागी तीन तास दहा मिनिटं. बॅटरीची एक तृतीयांशसुद्धा ताकद उरली नव्हती.

दुकानातला टेस्टर काही सेकंदांपुरतं बघतो. ताज्या चार्ज केलेल्या बॅटरीची राहिलेली तेवढी पट्टीसुद्धा काही सेकंद बरी वागते. पाच वॅटचा बल्ब, वीस रुपयांचा, तिला दिवसभर राबवतो आणि मग खरं बाहेर येतं. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने हाच प्रयोग करावा. फक्त १०.५ ला बल्ब काढायला विसरू नये, आणि बॅटरी लगेच पुन्हा चार्जला लावावी.

नोंदींचा कागद घेऊन दुकानदाराकडे जायचं का, यावर दाजींनी एक रात्र विचार केला. बॅटरी मेलेली होती हे खरं, पण तिला उपाशी आपणच ठेवलं होतं, आणि कार्डावर मागे बारीक अक्षरात ‘डिस्चार्ज होऊन खराब झाल्यास’ असं कलम होतं. ते गेले नाहीत. डिसेंबरात साडेतेराशेची नवी बॅटरी घेतली आणि जुनी तिथेच देऊन काही रुपये वळते करून घेतले. जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत जावी, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांचाही तोच रोख आहे. गल्लीतला भंगारवाला ती फोडून आम्ल गटारात ओततो आणि शिसं वेगळं काढतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चार पैसे जास्त मिळतात म्हणून तिकडे जाऊ नये.

घेताना बॅटरीवरचा उत्पादनाचा कोड दुकानदाराला वाचायला लावला. तो फळीवर सात महिने पडलेला माल काढत होता. बंद डब्यातली बॅटरीसुद्धा दरमहा थोडी थोडी रिती होतच असते, आणि फळीवर तिला कुणी चार्ज करत नाही. दाजींनी मागचा खोका काढायला लावला, दोन महिन्यांचा होता.

ट्रॅकरचं काय करायचं, यावर मात्र घरात एकमत होईना. मी म्हटलं काढून टाका. दाजी नाही म्हणाले. मिस्त्रीने सुचवलं की ट्रॅकर चावीच्या मागे जोडू, म्हणजे गाडी बंद केली की तोही बंद. पण चोर काही चावी लावून विचारून नेत नाही. आणखी एकाने मोठी बॅटरी टाकायला सांगितलं. त्यावर दाजींनीच उत्तर दिलं, “तिजोरी मोठी घेतली म्हणून तूट भरून निघते का?” बॅटरीच्या खणात ती बसलीही नसती. शेवटी ट्रॅकरच्या पुस्तिकेतून एसएमएसचे आदेश शोधले. गाडी उभी असताना तो जास्त वेळ झोपेल आणि निरोप फार अंतराने देईल असं करून टाकलं. हादरा बसला तर लगेच उठतो, ते तसंच ठेवलं. पुन्हा अर्धा तास मीटर लावून बसलो, ट्रॅकरची सरासरी ५ वर आली. वहीत नावे बाजू ३८० वरून १९५ झाली आणि जमा २३० तशीच. पहिल्यांदाच शिल्लक पस्तीस.

पस्तीसवर विसंबायचं नव्हतं. गाडी जिन्याखाली लागते, शेजारीच मीटरबोर्ड आहे. अर्ध्या अँपिअरचा, भरल्यावर आपोआप मंदावणारा छोटा चार्जर आणला. बॅटरीला फ्यूज घातलेली दोन तोंडांची जोडवायर कायमची बसवून सीटखालून बाहेर काढली. दर दुसऱ्या रविवारी रात्री भाचा ती जोडतो, सकाळी काढतो. गॅरेजमध्ये ट्रकच्या बॅटऱ्यांना लावतात त्या चार्जरवर चार अँपिअरची बॅटरी ठेवू देऊ नये. तासाभरात ‘फुल’ करून देतात खरी, पण आत ती उकळते, कवच फुगतं. क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा प्रवाह आणि दहा-बारा तास, हा जुना नियम आजही चालतो. आणि या बंद बॅटरीचं झाकण उचकटून तिच्यात डिस्टिल वॉटर घालू नये. तो संस्कार जुन्या, बुचांच्या बॅटऱ्यांचा. त्यांच्या आम्लाने माझ्या दोन पँटी खाल्ल्या आहेत. नव्यांना तो लावला तर बॅटरी जाते.

गावी जायचं असेल तर ऋण वायर सोडून जायची, असं ताईने कॅलेंडरवरच लिहून ठेवलंय. मे २०२५ मध्ये बारा दिवस गेले, परत आल्यावर गाडी पहिल्या सेल्फला लागली. घड्याळ तेवढं पुन्हा लावावं लागलं. ट्रॅकर त्या बारा दिवसांत अर्थात बंदच होता. दाजींनी गाडी साखळीने जिन्याच्या गजाला बांधून ठेवली होती.

भाच्याची वही चालूच आहे. दर रविवारी सकाळी, चावी लावण्याआधी, एक आकडा. बहुतेक वेळा १२.७ च्या आसपास, पावसाळ्यात दोन आठवडे १२.५ होता, कारण तो चार्जर लावायला विसरला होता. डिसेंबर २०२५ मध्ये बॅटरीला वर्ष झालं तेव्हा ती मी पुन्हा पंढरपूरला मागवून घेतली आणि तोच पाच वॅटचा बल्ब लावला. सकाळी आठला सुरू केलं. दुपारी पोरं जेवून आली तरी ११.९ होतं. वर्ग सुटला, शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला, मी त्याला चहाला पाठवलं. पाच वाजून पाच मिनिटांनी १०.५. नऊ तास पाच मिनिटं. दाजींना फोन केला, तर त्यांनी आकडा दोनदा विचारून लिहून घेतला आणि म्हणाले, “ठीक. आता तुझ्या ताईला विचारतो, महिन्यातून एक गुरुवार दिवसाउजेडी गाडीवर गेलो तर चालेल का.”